एक्सप्लेनर : मायदेश सोडला, ६४ वर्षांनी शवपेटीतून परतले, कोण होते जॉन एरिक्सन?

स्वीडनच्या वार्मलांड प्रांतात १८०३ मध्ये जन्मलेले जॉन एरिक्सन लहानपणीच कालव्याच्या कामावर नकाशे काढायला शिकले. पुढे सैन्यात अधिकारी झाले. १८२६ मध्ये इंजिनाची नवी कल्पना घेऊन त्यांनी इंग्लंड गाठलं.

इंग्लंडमध्ये काय झालं?
स्वीडनमध्ये लाकडावर चालणारं त्यांचं इंजिन तिथल्या कोळशावर टिकलं नाही. १८२९ च्या रेनहिल स्पर्धेत त्यांचं ‘नॉव्हेल्टी’ वेगवान ठरलं, पण मध्येच बिघडलं आणि स्टीफन्सन यांचं ‘रॉकेट’ जिंकलं. कर्जापायी तुरुंगही पाहावा लागला.

अमेरिकेत नशीब उघडलं का?
लगेच नाही. १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि स्क्रू प्रोपेलरची ‘प्रिन्स्टन’ युद्धनौका उभी केली. १८४४ मध्ये तिच्यावरची तोफ फुटून दोन मंत्र्यांसह सहा जण ठार झाले. ती तोफ एरिक्सन यांची नव्हती. तरी ठपका त्यांच्यावर आला आणि नौदलानं पैसेही दिले नाहीत. १८४८ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

मग नाव कशामुळे झालं?
यादवी युद्धात त्याच नौदलाला त्यांची गरज पडली. फिरत्या बुरुजाची लोखंडी ‘मॉनिटर’ सुमारे शंभर दिवसांत तयार झाली. ९ मार्च १८६२ ला तिनं ‘व्हर्जिनिया’ला रोखलं. लढत अनिर्णित राहिली, पण लाकडी युद्धनौकांचे दिवस संपल्याचं जगाला कळलं.

घरवापसी कधी झाली?
८ मार्च १८८९ ला त्यांचं न्यूयॉर्कमध्ये निधन झालं. १८९० मध्ये अमेरिकी युद्धनौका ‘बाल्टिमोर’नं त्यांचं पार्थिव स्वीडनला पोहोचवलं. वार्मलांडमधल्या फिलिपस्टाडला त्यांची समाधी आहे. ज्या नौदलानं त्यांचे पैसे बुडवले, त्याच नौदलानं त्यांना सन्मानानं घरी नेलं.