आंतोनी व्हान लेव्हेनहूक

हॉलंडांतील डेल्फ्ट गांवीं १६३२ सालीं लेव्हेनहूक याचा जन्म झाला. बाप टोपल्या विणणारा. तो लौकरच वारला. सोळाव्या वर्षीं मुलगा आम्स्टरडॅम येथें कापडाच्या दुकानीं उमेदवारीस राहिला. कापडाची वीण तपासण्यास भिंग लागे, त्यावरूनच त्यास भिंगांचा नाद लागला असावा. लॅटिन त्यास येत नव्हतें. तरी स्वतः केलेल्या इवल्या भिंगांतून त्यानें पाण्यांतील सूक्ष्म जीव पाहिले, व १६७६ त लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. विद्वानांचा विश्वास बसेना. पुढील वर्षीं रॉबर्ट हूक यानें ते जीव दाखविले, तेव्हां कोठें बसला.

मानखुर्दच्या खाडीकांठच्या डबक्यांत जीव आहेत, याचें आपणांस नवल वाटत नाहीं. आपल्याच मुखांत असणें निराळें! लेव्हेनहूक रोज मिठानें दांत घाशी, चुळा भरी, फडक्यानें दाढा पुशी. तरीहि फटींत पिठासारखा पांढरा मळ राही. १६८३ त तो मळ त्यानें पावसाच्या पाण्यांत कालवून पाहिला, तों असंख्य जीव वळवळत आहेत! निव्वळ थुंकींत मात्र त्यास एकहि दिसला नाहीं. मग त्यानें स्त्रियांचा, आठ वर्षांच्या मुलाचा, व जन्मांत दांत न घासलेल्या एका म्हाताऱ्याचा मळ तपासला. म्हाताऱ्याच्या मुखांत तर त्यांची जत्राच भरली होती. शिरक्यांत कालवले असतां ते मरत. पण शिरक्याची चूळ भरली तर वरचेच मरत, थराखालीं दडलेले वांचत. आमच्या मतें त्याचें हें निरीक्षण सर्वांत मोलाचें.

हे जीव रोगास कारण होतील, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. १८९० च्या सुमारास बर्लिन येथील मिलर या दंतवैद्यानें तो विचार पुढें नेला. थुंकीच्या एका मिलिलिटरांत कोट्यवधि जंतु असतात, हें आज ठाऊक आहे, बहुतेक निरुपद्रवी. परंतु हिरडीखालीं मळ सांचून राहिला कीं हिरडी सुजते, तींतून रक्त येतें, आणि त्याच वाटेनें जंतु रक्तांत शिरतात. जुनाट हिरडीरोग असणाऱ्यांत मधुमेह, हृद्रोग व संधिवात अधिक आढळतात. मधुमेहाचें नातें तर दुहेरी आहे: तो हिरडी बिघडवितो, व बिघडलेली हिरडी रक्तांतील साखर आवरूं देत नाहीं. इतर रोगांत कारण कोणतें व परिणाम कोणता, याचा वाद मिटलेला नाहीं. मिशरीनें दांत स्वच्छ होतात असें मानणाऱ्या घरीं हें अवश्य सांगावें. ती तंबाखूच होय, आणि तंबाखू हिरड्यांची वैरीण.

१७२३ त, नव्वद वर्षांचा होऊन, लेव्हेनहूक वारला. चांदीचीं सव्वीस सूक्ष्मदर्शकें त्यानें रॉयल सोसायटीस ठेवलीं होतीं. तीं पुढें हरवलीं. पाहण्याची आपली खास रीत मात्र त्यानें कोणासहि सांगितली नाहीं.