ग्रॅनव्हिल शार्प : लहान शब्दाची मोठी चाकरी

गुलामगिरीचा उच्छेद करण्यासाठी झटलेल्या इंग्रज पुरुषांत विल्बरफोर्स ह्यांचे नाव आमच्या वाचकांस परिचयाचे आहेच. परंतु त्यांच्याही आधी ज्यांनी ह्या कामी एकट्याने कंबर कसली, ते ग्रॅनव्हिल शार्प होत. त्यांनी शोधून काढलेला ग्रीक व्याकरणाचा एक नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. ही दोन्ही कामे एकाच सवयीची फळे होत, हे आम्ही येथे दाखवू इच्छितो.

शार्पसाहेबांचा जन्म १७३५ साली इंग्लंडातील डरहॅम येथे झाला. वडील आर्चडीकन व आजोबा यॉर्कचे आर्चबिशप असले, तरी घरात मुले पुष्कळ. त्यामुळे धाकट्या ग्रॅनव्हिलच्या वाट्यास विद्यापीठ आले नाही. १७५० साली त्यांस लंडनच्या एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेविले. तेथे एका सोबत्याशी त्यांचा त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी वाद होई. तुम्हांस ग्रीक येत नाही म्हणून तुमचा असा समज झाला आहे, असा टोमणा त्याने मारला. शार्पसाहेब रागावले नाहीत. ते ग्रीक शिकले. पुढे एका यहुदी गृहस्थाशी वाद झाला, तेव्हा ते इब्री शिकले. १७५८ साली त्यांस सरकारी युद्धसाहित्य खात्यात कारकुनी मिळाली. दिवसा कचेरी व फावल्या वेळी अध्ययन, असा त्यांचा क्रम होता.

१७६५ साली त्यांचे बंधू विल्यम ह्या शस्त्रवैद्यांच्या दारी जोनाथन स्ट्राँग नावाचा एक आफ्रिकी तरुण त्यांस दिसला. धन्याने मारून मारून त्यास टाकून दिले होते. बंधूंनी औषधोपचार करून त्यास बरे केले. दोन वर्षांनी त्याच धन्याने त्यास पाहिले व परस्पर ३० पौंडांस विकून टाकिले. शार्पसाहेबांनी लॉर्ड मेयरपुढे जाऊन त्यास सोडविले; तेव्हा त्यांच्यावरच फिर्याद झाली. कायदा तुमच्या विरुद्ध आहे, असे त्यांच्याच वकिलांनी सांगितले. थोरामोठ्यांचे मत म्हणजे कायदा नव्हे, असे मनाशी ठरवून ह्या कारकुनाने दोन वर्षे जुने कायदे व निवाडे स्वतः चाळले. त्यांनी १७६९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फिर्यादीही मागे हटले. पुढे १७७२ साली जेम्स सॉमरसेट ह्यांच्या खटल्यात, गुलामास बळजबरीने इंग्लंडाबाहेर नेता येत नाही, असा निकाल झाला.

मूळ पाठ उघडावा, प्रत्येक स्थळ पाहावे व मग बोलावे, ही जी रीत, तीच त्यांनी ग्रीक नव्या करारास लाविली. मराठीत, मुख्याध्यापक व वसतिगृहाचे अधीक्षक आले, असे म्हटले, तर एक गृहस्थ आले की दोन, हे कळत नाही. ग्रीकमध्ये नामामागे निश्चयदर्शक उपपद येते. आपल्या भाषेत तसे उपपद नाही. शार्पसाहेबांस असे आढळले की, दोन एकवचनी नामे व्यक्तीची वाचक असून विशेषनामे नसतील, एकाच विभक्तीत असतील, व ह्या अर्थाच्या काइ शब्दाने जोडलेली असतील आणि उपपद केवळ पहिल्यासच असेल, तर दोन्ही नामे एकाच व्यक्तीची असतात. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात १:११ येथे प्रभू व तारणारा ही एकच व्यक्ती, ह्याविषयी वाद नाही. परंतु १:१ येथे देव व तारणारा ह्या शब्दांची रचनाही हुबेहूब तशीच आहे! १७९८ साली ही टिपणे छापली गेली. काहींनी हरकती घेतल्या. तथापि टॉमस मिडल्टन ह्यांनी १८०८ साली उपपदावर मोठा ग्रंथ लिहून नियमास दुजोरा दिला. हेच मिडल्टन १८१४ साली कलकत्त्याचे पहिले बिशप झाले. तेव्हा मुंबईही त्यांच्याच धर्मप्रांतात होती.

काइ हा शब्द नव्या करारात सुमारे ९,००० वेळा येतो. शार्पसाहेबांपाशी डोळे, लेखणी व धीर एवढीच साधने होती. आज प्रत्येक शब्दाची विभक्ती व वचन संगणकात नोंदून ठेविलेले असते. रचना सांगताच यंत्र सर्व स्थळे क्षणार्धात काढून देते. अलीकडील शोधात ह्या नियमाच्या सर्व अटी पुऱ्या करणारी सुमारे ८० स्थळे मिळाली आहेत. परंतु कोणती रचना शोधावी आणि अनेकवचने व विशेषनामे का वगळावी, हे माणसानेच ठरवावयाचे असते.

१८०४ साली ब्रिटिश व परदेशी बायबल सोसायटी स्थापन झाली, त्या सभेचे अध्यक्ष शार्पसाहेबच होते. १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद झालेला त्यांनी पाहिला. ६ जुलै १८१३ रोजी त्यांचा अंत झाला. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र ध्यानी धरावे. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने एखाद्या अव्ययाचा अर्थ विचारिला, तर त्यास क्षुल्लक म्हणून झिडकारू नये. लहान शब्दाशी जो प्रामाणिक राहतो, तोच पुढे दुबळ्या माणसाच्या न्यायासाठी खंबीरपणे उभा राहतो, हे शार्पसाहेबांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले आहे.