नानांचा फड

नाना फडणीस म्हटले की कारस्थानी मुत्सद्दी आठवतो. मला मात्र त्यांच्या हुद्द्याचेच कुतूहल वाटते. पेशव्यांच्या सनदा, हुकूम, जमाखर्च सारे फडावर नोंदले जाई. तेव्हा राज्यात कोठे काय चालले आहे, हे फडणिसाला बसल्या जागी कळे.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला. १७६१ च्या पानिपतातून ते कसेबसे जिवानिशी परतले. बरोबर असलेली आई मात्र कायमची अंतरली. १७७४ च्या बारभाई मसलतीनंतर कारभार हळूहळू त्यांच्या हाती एकवटला. मग दरबारोदरबारचे वकील खबरा लिहीत आणि जासूद त्या पुण्यास पोचवीत. निजामाकडे गोविंदराव काळे होते, उत्तरेतून महादजी शिंद्यांची पत्रे येत. १७९५ मध्ये खर्ड्यावर शिंदे, होळकर, भोसले एकत्र लढले, त्यामागे हाच पत्रव्यवहार होता.

पण सारे ओघ नानांपाशी येऊन थांबत. ज्यांच्या नावाने कारभार चाले ते सवाई माधवराव वाढत्या वयातही बाजूलाच राहिले. हा दोष मला मोठा वाटतो. त्याच वर्षी पेशवे निवर्तले आणि वारसाच्या तंट्यात नाना एकटे पडले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी एका युरोपियन सरदाराच्या शब्दावर विसंबून ते दौलतराव शिंद्यांच्या गोटात गेले व कैद झाले. साऱ्या हिंदुस्थानची खबर ठेवणाऱ्याला शेजारच्या छावणीतला बेत कळला नाही! १७९८ साली सुटका झाली. १३ मार्च १८०० रोजी ते पुण्यात वारले. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात त्यांचे दफ्तर मागे राहिले.