चाबुकस्वार ते सर्कसवाले : विष्णुपंत छत्रे

नवीन बाईक घेतली की आपण हार घालतो, पेढे वाटतो आणि थेट दौलताबादच्या रस्त्याला लागतो. आपण गाडीला आवडलो की नाही, हा प्रश्नच येत नाही. घोड्याचं तसं नाही. माळेगावच्या यात्रेत रोख पैसे मोजून घोडा घरी आणता येतो, पण तो आपला व्हायला पुढे बरेच दिवस जातात. हे ज्याला पुरतं उमगलं होतं आणि त्या जोरावर ज्याने भारतातली पहिली सर्कस उभी केली, त्या मराठी माणसाबद्दल मला लिहायचं आहे : विष्णुपंत छत्रे.

विष्णुपंत सांगलीकडच्या अंकलखोपचे. घोडा आणि गाणं, अशी दोन वेडं. त्यापायी तरुणपणीच त्यांनी ग्वाल्हेर गाठलं. तिथे बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या आणि हद्दूखाँसाहेबांकडे गाणं शिकले. पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात त्यांनी घोड्यांचं काम सांभाळलं. नवा घोडा स्वारीसाठी तयार करणाऱ्याला आपल्याकडे चाबुकस्वार म्हणतात. नावात चाबूक असला तरी हे काम चाबकाने होत नाही!

कारण घोडा मुळात भित्रा. पळून जीव वाचवणं हीच त्याची सवय. डोळे दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं. म्हणून जाणता माणूस नव्या घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जातो. पहिले काही दिवस तोबरा आणि खरारा स्वतःच्या हाताने. मग लांब दोरीवर कावा, म्हणजे आपण मधे उभं राहून त्याला गोल फिरवायचं. त्याचा आतला कान आपल्याकडे वळला, मान खाली आली, की समजायचं तो ऐकतोय. खोगीर त्यानंतर, आणि स्वार सगळ्यात शेवटी. लगामाचंही तेच. घोडा थांबला की त्याच क्षणी लगाम सैल सोडायचा, कारण ती ढील हेच त्याचं बक्षीस. उशीर झाला तर तो भलतंच शिकून बसतो. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण फीडबॅक आणि डिले लिहितो ना, तेच हे!

आता सर्कसकडे येऊ. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप ॲस्टली हा माजी घोडेस्वार सैनिक गोल रिंगणात कसरती दाखवू लागला. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरला. मी सहज गणित करून पाहिलं. त्रिज्या साधारण ६.४ मीटर, घोड्याचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर स्वाराला आत सुमारे २२ अंश कलावं लागतं. वेग ६ झाला की ३० अंश! पाठीवर उभ्या माणसाच्या हातात लगामाचा आधार नसतो. घोड्याने चाल बदलली तर तो खाली. म्हणजे लगाम सोडल्यावर जो उरतो, तोच खरा कंट्रोल.

१८७९ साली जुझेप्पे कियारिनी याची रॉयल इटालियन सर्कस मुंबईत आली. त्याचं म्हणणं होतं की असली सर्कस काढणं हिंदी लोकांना इतक्यात जमणार नाही. आव्हान देताना त्याने बक्षीसही लावलं होतं, असं सांगतात. विष्णुपंतांनी ते उचललं. वाद घालत बसले नाहीत, घोडे तयार करायला लागले. १८८० साली त्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. घोड्यावरची कामं ते स्वतः करत.

सर्कस देशभर फिरली, समुद्रापारही गेली. केरळात तेल्लिचेरीला कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकांची गाठ पडली, आणि त्यांनी सर्कशीसाठी मुलं तयार करायला सुरुवात केली. पुढे कितीतरी भारतीय सर्कशींचे कलावंत त्याच गावातून आले.

पण मला विष्णुपंत सगळ्यात मोठे वाटतात ते दुसऱ्याच कारणाने. हद्दूखाँसाहेबांचा मुलगा रहिमतखाँ, विलक्षण गवई, घरच्या आघाताने आणि अफूने पार खचला होता. विष्णुपंतांना तो काशीला सापडला. त्यांनी त्याला आपल्याबरोबर आणलं, सांभाळलं, गातं केलं. घाई नाही, जबरदस्ती नाही. बिथरलेल्या जिवाजवळ कसं जायचं हे त्यांना पागेत कळलंच होतं. १९०५ साली विष्णुपंत गेले, पण छत्र्यांनी खाँसाहेबांना अंतर दिलं नाही. धाकटे बंधू काशिनाथपंतांनी त्यांचं तसंच केलं. लोक ज्यांना भूगंधर्व म्हणत, ते रहिमतखाँ १९२२ साली कुरुंदवाडलाच वारले.

आपण उद्या मशीन चालवू, प्लँट चालवू. तिथे बटण दाबलं की काम होईल. पण शिफ्टवरची माणसं बटणावर चालत नाहीत. त्यांच्याशी वागताना हा चाबुकस्वार आठवला तरी पुष्कळ झालं.