कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

देहातील रासायनिक क्रिया घडविणाऱ्या विकरांच्या अभ्यासास वाहून घेतलेल्या कमलाबाईंचा जन्म इ. स. १९११ मध्ये इंदूरच्या भागवत घराण्यात झाला. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला असता, केवळ स्त्री म्हणून संचालक रामन यांनी तो नाकारला. गुणांत उणे काय होते? काहीच नाही. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर जागा मिळाली. अट अपमानास्पदच, असे आम्हांस वाटते. परंतु त्यांचे काम पाहून तेथे पुढे इतर मुलींनाही द्वार खुले झाले.

नंतर त्या केंब्रिज येथे हॉपकिन्स यांच्या विभागात गेल्या. थकलेल्या स्नायूंत दुग्धाम्ल साचते, हे हॉपकिन्स यांनी फ्लेचर यांच्यासह १९०७ साली दाखविले होते. शर्यतीत प्राणवायू अपुरा पडला म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर ते आम्ल बनविते. प्राणवायू मुबलक असता सायटोक्रोमांच्या साखळीने श्वसन पुरे होते. त्यांपैकी सायटोक्रोम-सी वनस्पतींतही असते, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील प्रयोगांतून दाखवून १९३९ साली पीएच.डी. मिळविली.

मायदेशी परतल्यावर, पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत, त्यांनी कडधान्ये व गरिबांस परवडणारी नीरा यांचे पोषणमूल्य तपासले. १९९८ साली त्या निवर्तल्या.