मताचा हक्क आणि इंजिनांचा कारखानदार

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या सिटी हॉलसमोर मॅथियास बाल्डविन यांचा पुतळा आहे. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसांनी हत्या केल्यानंतर सारी अमेरिका रस्त्यावर उतरली. त्या जूनमध्ये कुणीतरी या पुतळ्यावर रंग फासला आणि त्याला वसाहतवादी ठरविले. गोरा माणूस, कारखानदार, वर पुतळा! एवढ्यावरच निकाल लागला. परंतु पुरावा न तपासता दिलेला निकाल न्यायाचा नसतो. म्हणून हा माणूस कोण होता, हे आंबेडकरी वाचकाने जाणून घेतले पाहिजे.

बाल्डविन यांचा जन्म १० डिसेंबर १७९५ रोजी न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथटाउन येथे झाला. घोडागाड्या बनविणारे वडील ते लहान असतानाच वारले. पोराने सोनाराच्या हाताखाली उमेदवारी केली. पुढे स्वतःचे दुकान काढले, ते चालेना तेव्हा बुकबाइंडिंगची हत्यारे आणि कापडछपाईचे रूळ बनवायला घेतले. कारखान्यासाठी वाफेचे इंजिन हवे होते, ते स्वतःच बनविले. १८३१ साली फिलाडेल्फियाच्या संग्रहालयासाठी त्यांनी छोटे आगगाडीचे इंजिन तयार केले. ते पाहायला गर्दी लोटली आणि एका रेल्वे कंपनीने खऱ्या इंजिनाची मागणी नोंदविली.

त्यासाठी लागणारी यंत्रे तेव्हा कुणाकडेच नव्हती. इंजिनाचा सिलिंडर कोरण्यासाठी लाकडाच्या ठोकळ्यात छिन्नी बसवून तो हाताने फिरवावा लागला. कामगारांना शिकवीत, बरेचसे स्वतःच्या हाताने करीत त्यांनी २३ नोव्हेंबर १८३२ रोजी ओल्ड आयर्नसाइड्स हे इंजिन रुळावर आणले. सुरुवातीला ते कोरड्या दिवसांतच धावे, पाऊस आला की गाडीला घोडे जुंपत. ठरलेल्या चार हजार डॉलरपैकी कंपनीने साडेतीन हजारच हातावर ठेवले. बाल्डविन इतके वैतागले की पुन्हा इंजिन बनवायचे नाही, असे ठरवून बसले. पण मागणी त्यांना सोडीना. १८३४ साली पुढचे इंजिन गेले ते दक्षिण कॅरोलिनात, म्हणजे गुलामीवर पोसलेल्या राज्यात. १८३६ पर्यंत वर्षाला चाळीस इंजिने बाहेर पडू लागली.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. ज्याचे गिऱ्हाईक गुलामांचे मालक आहेत, तो माणूस गुलामीबद्दल काय बोलणार? आपल्याकडचे शेठ-सावकार अशा वेळी मौन पाळतात. बाल्डविन यांनी मौन पाळले नाही. १८३५ साली त्यांनी फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी पैसा दिला आणि पुढे कित्येक वर्षे शिक्षकांचा पगार स्वतःच्या खिशातून भरला.

शाळा काढणे ही दानाची गोष्ट झाली. दान अनेक जण करतात, कारण दानाने देणाऱ्याचे आसन हलत नाही. हक्क द्यायची वेळ आली की माणूस कळतो. ती वेळ १८३७ मध्ये आली. पेनसिल्व्हेनिया राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी परिषद भरली आणि बाल्डविन तिचे सदस्य होते. १७९० च्या जुन्या घटनेत मतदार म्हणून स्वतंत्र मनुष्य एवढाच उल्लेख होता, रंगाची अट नव्हती. विल्यम फॉग या कृष्णवर्णीय नागरिकाला मतदानापासून हाकलले, म्हणून तो कोर्टात गेला. खालच्या कोर्टात जिंकला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क नाकारला. आता परिषदेला तो अन्याय घटनेतच कोरून ठेवायचा होता. त्यासाठी एकच शब्द घालायचा होता: गोरा.

बाल्डविन कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या बाजूने उभे राहिले. पण जानेवारी १८३८ मध्ये ७७ विरुद्ध ४५ मतांनी तो शब्द घातला गेला. रॉबर्ट पर्व्हिस यांनी चाळीस हजार कृष्णवर्णीय नागरिकांच्या वतीने मतदारांना आवाहन लिहिले, तरीही नवी घटना मंजूर झाली. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियात गुलामीविरोधकांनी बांधलेले सभागृह उद्घाटनानंतर चौथ्याच दिवशी जमावाने जाळले. अशा शहरात धंदा करून बाल्डविन ही भूमिका घेत होते. आर्थिक मंदीने ते कर्जात बुडाले होते, ती देणी त्यांनी पुढे व्याजासह फेडली. यादवी युद्धाच्या आधी दक्षिणेतील रेल्वे कंपन्यांनी त्यांच्या इंजिनांवर बहिष्कार घातला. भूमिकेची किंमत त्यांनी अशी रोखीने मोजली.

७ सप्टेंबर १८६६ रोजी ते वारले, तेव्हा कारखान्याने सुमारे दीड हजार इंजिने बनविली होती. वर्णाच्या कारणावरून मत नाकारण्यास बंदी घालणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये आली. ती त्यांनी पाहिली नाही. कारखाना पुढे जगातील सर्वांत मोठा झाला. १९४७ मध्ये भारतात आलेली डब्ल्यूपी जातीची पहिली सोळा इंजिने तिथलीच. १९५६ मध्ये तेथील इंजिनबांधणी बंद पडली.

महात्मा फुले यांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाल्डविन त्याच पिढीतले. त्यांना देव करण्याचे कारण नाही. लढा कृष्णवर्णीयांनी स्वतः लढला, बाल्डविन त्यांच्या बाजूला उभे राहिले, एवढेच. पण बाजूला उभा राहणारा ओळखता आला पाहिजे.

वकील म्हणून मला या कथेतील तो एक शब्द अस्वस्थ करतो. एका शब्दाने हजारो माणसे मतपेटीपासून तुटली. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी मांडली. पुढे आपल्या संविधानाच्या कलम ३२५ ने धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणालाही मतदार यादीतून वगळण्यास मनाई केली आणि कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. पेनसिल्व्हेनियात जो दरवाजा शब्द घालून बंद केला, तो इथे शब्द लिहूनच उघडा ठेवला आहे. तरीही निवडणुकीच्या दिवशी यादीत नाव सापडत नाही म्हणून आपल्या वस्त्यांतील माणसे परत फिरतात. बांधवांनो, जयंतीची वर्गणी गोळा करताना घरोघरी जाताच आहात, तर हातात मतदार यादीही घ्या आणि प्रत्येक नाव तपासा.