विशीतला संपादक

सेकंड-थर्ड इयरला आपण काय करत असतो? असाइनमेंट, सबमिशन, फार तर फेस्टची धावपळ. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा एक मुलगा साधारण त्याच वयात मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढून मोकळा झाला होता. बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ला त्यांचं ‘दर्पण’ निघालं, म्हणून तो दिवस आपल्याकडे पत्रकार दिन.

घरी वडिलांकडे संस्कृत शिकून बाळ लहान वयातच मुंबईला आला आणि बापू छत्र्यांकडे राहिला. इथे इंग्रजी शिकला आणि मग थांबलाच नाही. गुजराती, बंगाली, फारसी, फ्रेंच, लॅटिन... यादी वाचूनच धाप लागते!

‘दर्पण’मध्ये शेजारी-शेजारी दोन स्तंभ असायचे, एक मराठी, एक इंग्रजी. मराठी आपल्या लोकांसाठी, तर इंग्रजी यासाठी की इथल्यांचं म्हणणं साहेबालाही कळावं. सोबतीला भाऊ महाजन होते. सुरुवातीला पाक्षिक असलेला अंक काही महिन्यांतच साप्ताहिक झाला. पण वर्तमानपत्र विकत घ्यायची सवयच नसलेल्या समाजात ते चालवायचं, म्हणजे पदरमोड आलीच. तरी विधवांच्या पुनर्विवाहासारखे, घरात बोलायचीही चोरी असलेले विषय त्यांनी छापले. १८४०मध्ये ‘दर्पण’ थांबलं आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केलं. त्यात भूगोल, विज्ञान, इतिहास असं सगळं होतं.

दरम्यान एल्फिन्स्टनमध्ये शिकवणं चालूच होतं. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. कुलाबा वेधशाळेचं कामही त्यांनी सांभाळलं.

मला मात्र सगळ्यात मोठं वाटतं ते १८४३चं श्रीपत शेषाद्री प्रकरण. नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टाने त्याला वडिलांकडे परत दिलं, पण जात घ्यायला तयार नाही. पोराने जायचं कुठे? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री उभे राहिले. सनातनी त्यांच्यावरच उलटले, बहिष्काराची भाषा सुरू झाली. तेव्हा वाळीत पडणं म्हणजे लग्नकार्यापासून मयतापर्यंत सगळं बंद. तरी ते हटले नाहीत.

१८४५मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाप्रत छापून आणली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते गेले, चाळिशीही गाठली नव्हती. पोंभुर्ल्यात आज त्यांचं स्मारक आहे.